इसहाकाच्या विहिरी आणि आपल्या दारातला टँकर

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१२-३३
सोबत वाचा : उत्पत्ति २१:२५-३१, निर्गम २:१५-१७, योहान ४:५-१५
पाठांतरासाठी : फिलिप्पैकरांस २:४



बेंगळुरूत राहणाऱ्यांना २०२४ चा मार्च महिना आठवत असेल. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले होते. शहरातील सुमारे १३,९०० सरकारी बोअरवेलपैकी जवळजवळ ६,९०० कोरड्या पडल्याचे सरकारने सांगितले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणे, बागेला पाणी घालणे, कारंजी चालवणे यांवर बंदी आली आणि मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. टँकरचे दर इतके चढले की शेवटी सरकारला दर बांधून द्यावे लागले. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवीन नाही. २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी होते.

त्या मार्चमधल्या एका रविवारची गोष्ट मला तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्या इमारतीत सकाळी सहा ते सात एवढाच वेळ पाणी सोडले जाई. मी सहाच्या ठोक्याला उठून दोन पिंपे, सगळ्या बादल्या, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून घेतली. मग आंघोळ करून उपासनेला गेलो. त्या दिवशी वचन सांगण्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि विषय होता योहान ४, जिवंत पाणी. दुपारी परतलो तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजी कळशी घेऊन एकेक पायरी चढत होत्या. मला पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "नीरु इल्ला." पाणी नाही. गच्चीवरच्या टाकीचे पाणी खालच्या मजल्यांना जोरात येते. वरच्या मजल्याला दाब कमी मिळतो, आणि खालच्यांनी नळ मोठे सोडले की वर थेंबही येत नाही.

मी कोणताही नियम मोडला नव्हता. पाणी माझ्याच नळाला आले होते. मी त्यांची कळशी वर नेऊन दिली, घरातले एक पिंप त्यांच्याकडे रिकामे केले. त्यांनी मला आशीर्वाद दिला. पण त्यांचे पाणी कोणी संपवले होते, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. त्या आठवड्यात माझ्या वाचनात उत्पत्तीचा २६ वा अध्याय आला. तो आज आपण एकत्र अभ्यासू या.

१. आशीर्वाद आला की हेवाही येतो (वचने १२-१६)

इसहाकाच्या काळीही दुष्काळ होता. मिसर देशात जाऊ नकोस, मी सांगेन त्या देशात राहा, असे देवाने त्याला सांगितले. तो गरारात राहिला, त्याने पेरणी केली आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक मिळाले. मेंढरे वाढली, गुरे वाढली, नोकरचाकर वाढले. आणि पलिष्टी त्याचा हेवा करू लागले.

त्यांनी काय केले ते नीट पाहा. अब्राहामाच्या नोकरांनी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवल्या. बळकावल्या असत्या तर निदान त्यांच्या गुरांना पाणी मिळाले असते. दुष्काळी मुलखात विहीर बुजवणे म्हणजे स्वतःचेही पाणी घालवणे. हेव्याचे असेच असते. दुसऱ्याला मिळू नये एवढ्याचसाठी माणूस स्वतःचेही नुकसान करून घेतो.

आपले शहरही बुजवलेल्या पाण्यावर उभे आहे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास हे नगर वसवले आणि त्याभोवती तळी राखली गेली, कारण येथे मोठी नदी नाही. आज ज्या जागी केंपेगौडा बसस्थानक आहे तिथे पूर्वी धर्मांबुधी तळे होते. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्याच्या जागेवर आहे. तळी गेली, आणि आता शहराचे पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीतून उपसून, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या पठारावर चढवावे लागते.

आपल्या मनाला विचारू या. शेजाऱ्याची बढती, भावाचे नवे घर, मंडळीतील दुसऱ्याचे कृपादान पाहून मी कोणती विहीर बुजवतो? एखाद्याची चांगली सूचना केवळ ती त्याची आहे म्हणून हाणून पाडली, तर त्या पाण्याला मीही मुकतो.

२. वडिलांच्या विहिरी पुन्हा उकरणे (वचने १७-१८)

इसहाक राजाचे ऐकून गराराच्या खोऱ्यात गेला. तिथे त्याने पहिले काम केले ते वडिलांच्या विहिरी पुन्हा उकरण्याचे. त्या विहिरींना त्याने वडिलांनी दिलेलीच नावे दिली.

खाली पाणी होतेच, फक्त वर माती होती. आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील अहमदनगर, जालना, कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांतील मंडळ्यांत वाढले. संध्याकाळी दिवा लागला की घरात शास्त्र वाचले जाई, गीत म्हटले जाई, मग जेवण. आपण नोकरीसाठी बेंगळुरूला आलो. रिंगरोडवरच्या वाहतुकीत दोन-तीन तास जातात. मुले घरात इंग्रजी बोलतात, खेळताना कन्नड बोलतात. कौटुंबिक प्रार्थनेची विहीर कोणी शत्रूने बुजवली असे नाही. ती रोज थोडी थोडी माती पडून बुजली.

ती उकरायला मोठा कार्यक्रम लागत नाही. जेवणाच्या ताटावर बसल्यावर पाच वचने आणि एक प्रार्थना पुरे. पहिले काही दिवस नुसती माती निघेल. मुले चुळबुळ करतील, तुम्हालाही ते कृत्रिम वाटेल. इसहाकाच्या नोकरांनाही पहिल्या फावड्याला पाणी लागले नसेल. खणत राहा.

३. एसेक आणि सितना : सोडून देण्याचे बळ (वचने १९-२१)

मग त्यांनी खोऱ्यात नवी विहीर खणली आणि जिवंत पाण्याचा झरा लागला. लगेच गराराचे गुराखी आले आणि हे पाणी आमचे आहे म्हणून भांडू लागले. इसहाकाने विहिरीला एसेक, म्हणजे भांडण, असे नाव दिले आणि ती सोडली. दुसरी खणली. तिच्यावरूनही तंटा झाला. तिचे नाव त्याने सितना, म्हणजे वैर, ठेवले. हा शब्द आणि सैतान हे नाव एकाच इब्री धातूतून आले आहेत. भांडण लांबत गेले की ते कोणाच्या हाती जाते, हे या दोन नावांच्या क्रमातूनच कळते.

इसहाक दुबळा होता म्हणून त्याने विहिरी सोडल्या काय? नाही. तू आमच्यापेक्षा फार बलाढ्य झाला आहेस, असे स्वतः अबीमलेखाने सोळाव्या वचनात म्हटले आहे. त्याच्याकडे माणसे होती. तो लढू शकत होता. तरीही त्याने सोडले, कारण त्याला विहीर देणारा देव ठाऊक होता. ज्याला वाटते की हीच एक विहीर आहे, तो तिच्यासाठी जीव घेईल. देव पुढेही पाणी देईल असा ज्याचा विश्वास आहे तो तंबू उचलू शकतो.

आणखी एक पाहा. इसहाकाने भांडणाला भांडण असेच नाव दिले. त्याने काही झालेच नाही असे सोंग केले नाही. क्षमा करणे म्हणजे अन्यायाला गोड नाव देणे नव्हे. जे झाले ते खरे सांगावे, आणि मग त्याचा सूड देवावर सोपवावा (रोमकरांस १२:१८-१९).

पाण्याचे भांडण वैरापर्यंत जाते हे या शहराने पाहिले आहे. कावेरीच्या वाट्यावरून १९९१ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१६ मध्ये येथे दंगली झाल्या, बसगाड्या जाळल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाटपाचा निवाडा दिला आणि त्यात बेंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी ४.७५ टीएमसी जादा धरले. न्यायालय पाणी वाटून देऊ शकते. पण तमिळ आणि कन्नड बोलणारी कुटुंबे रविवारी एकाच बाकावर बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात, तेव्हा त्यांच्यामध्ये सितना उरू नये, हे काम न्यायालयाचे नाही. ते मंडळीचे आहे. आपण मराठी माणसे या शहरात पाहुणे म्हणून आलो. त्यांच्यामध्ये समेट करणारे होण्याची संधी आपल्याला आहे.

४. पण कोणाचा हक्क सोडायचा? (उत्पत्ति २१:२५, निर्गम २:१७)

येथे सावध राहिले पाहिजे, कारण या अध्यायाचा पुष्कळदा चुकीचा वापर होतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आपण सांगतो, "जाऊ दे, इसहाकासारखा सोडून दे." सुनेला सांगतो, मोलकरणीला सांगतो, हिस्सा न मिळालेल्या बहिणीला सांगतो. सांगणाऱ्याचे मात्र काहीच सुटत नसते.

शास्त्र असे शिकवत नाही. इसहाकाच्याच वडिलांचे उदाहरण घ्या. अबीमलेखाच्या चाकरांनी विहीर बळकावली तेव्हा अब्राहामाने राजाला तोंडावर जाब विचारला आणि सात कोकरे साक्षीला ठेवून ती विहीर आपली असल्याचे कबूल करून घेतले. आणि मोशे पाहा. मिद्यानात तो एका विहिरीजवळ बसला होता. सात बहिणी मेंढरांना पाणी पाजायला आल्या आणि धनगरांनी त्यांना हाकलून लावले. मोशे परका होता, पळून आलेला होता. तरी तो उठला, त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने त्यांची मेंढरे पाजली. सोडून द्या, दुसरी विहीर शोधा, असे त्याने त्या मुलींना सांगितले नाही.

म्हणून या तीन विहिरींचा धडा एकत्र ठेवा. माझा स्वतःचा हक्क मी प्रीतीने सोडू शकतो. गरज असेल तिथे मी सरळ, शांतपणे जाब विचारू शकतो. पण दुसऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार मला नाही. दुसऱ्याच्या तहानेच्या वेळी मला मोशेसारखे उठले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. महाडचे चवदार तळे १९२४ मध्ये नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर खुले झाले होते, पण प्रत्यक्षात पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि त्या तळ्याचे पाणी प्याले. आपल्यातील कितीतरी कुटुंबांच्या आजी-पणजीने अशा पाणवठ्यावर दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले आहे.

आणि आपला प्रभू सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसला तेव्हा त्याने काय केले? ज्या लोकांशी यहूदी लोक भांड्याचाही संबंध ठेवत नसत, त्यांच्यातील एका बाईकडे त्याने प्यायला पाणी मागितले. तिला जिवंत पाणी देण्याआधी तो तिच्या हातचे पाणी प्यायला तयार झाला. ज्या शिष्याच्या घरात मोलकरणीचा कप अजून वेगळा ठेवला जातो, त्याने योहान ४ वर बोलण्याआधी तो कप बाकीच्या कपांत ठेवावा.

५. आधी वेदी, मग तंबू, मग विहीर (वचने २२-२५)

तिसऱ्या विहिरीवरून कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. इसहाक म्हणाला की परमेश्वराने आम्हाला जागा करून दिली. जागा त्याने लढून मिळवली नव्हती.

पुढे तो बैर-शेबा येथे गेला. त्याच रात्री परमेश्वराने त्याला दर्शन देऊन भिऊ नको असे सांगितले. आता पंचविसावे वचन हळूहळू वाचा. त्याने तिथे वेदी बांधली, परमेश्वराच्या नावाचा धावा केला, मग तंबू ठोकला, आणि मग त्याच्या चाकरांनी विहीर खणली. वेदी, तंबू, विहीर. आपला क्रम बहुधा उलटा असतो. आधी नोकरी, मग त्या नोकरीजवळ घर, मग घराजवळ कुठे मंडळी मिळते का ते पाहू. नोकरी किंवा घर बदलण्याच्या बेतात असाल तर हा क्रम कागदावर लिहून प्रार्थनेत देवापुढे ठेवा.

६. ज्यांनी हाकलले तेच दारात आले (वचने २६-३३)

शेवट फार सुंदर आहे. अबीमलेख आपला सल्लागार आणि सेनापती यांना घेऊन इसहाकाकडे येतो. इसहाक सरळ विचारतो की तुम्ही माझा द्वेष करून मला घालवून दिले, आता का आलात? ते म्हणतात की परमेश्वर तुझ्याबरोबर आहे हे आम्ही स्पष्ट पाहिले. त्यांनी ते कशात पाहिले? शंभरपट पीक तर त्यांनी आधीच पाहिले होते, आणि त्यातून केवळ हेवा उपजला होता. मधल्या काळात त्यांनी दुसरे काय पाहिले? एक बलाढ्य माणूस दोनदा विहिरी सोडून जाताना पाहिला.

आपल्या भरभराटीची साक्ष लोकांना फारशी पटत नाही. आपल्याला नुकसान सोसावे लागते तेव्हा आपण कसे वागतो, हे ते बारकाईने पाहतात.

इसहाकाने त्यांना मेजवानी दिली. सकाळी शपथा झाल्या, ते शांतीने गेले. आणि त्याच दिवशी चाकर धावत आले : आम्हाला पाणी लागले!

आजींची गोष्ट पुरी करतो. तीन दिवस मी ते मनात दाबून ठेवले. चौथ्या दिवशी वर जाऊन मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितले की रविवारी तुमच्या वाटचे पाणी मीच भरून घेतले होते. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मला ठाऊक होते, नळाचा आवाज वरपर्यंत येतो. मला फार लाज वाटली. माझे पाणी भरणे त्यांनी ऐकले होते आणि तरीही मला आशीर्वाद दिला होता. त्या इमारतीत इसहाकासारखे वागणारे कोणी असेल तर त्या आजी होत्या. पुढच्या बैठकीत मी उठून मागणी केली की पहिली वीस मिनिटे फक्त वरच्या दोन मजल्यांचे नळ चालू राहावेत. थोडी कुरकुर झाली, पण ठरले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. २००७ मध्ये शहराला जोडलेल्या ११० गावांसाठी रोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची ती सोय आहे. देवाचे आभार माना. पण पुढचा उन्हाळा येईल, आणि पाण्याचे नसेल तर पार्किंगचे, वारशाचे, मंडळीतील पदाचे भांडण येईल. तेव्हा कामी यावे म्हणून आजच पुढील गोष्टी करू या.

या आठवड्यात करण्यासाठी

- तुमच्या घरानंतर पाणी कोणाला मिळते ते शोधून काढा. त्या घरातील माणसांची नावे माहीत करून घ्या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा.
- घरी येणारे टँकरचालक, वॉचमन, कचरा नेणारे यांना थंड पाण्याचा पेला विचारा. प्रभूने त्याचे मोल सांगितले आहे (मत्तय १०:४२). पेला घरातलाच असू द्या.
- एक जुने भांडण निवडा. त्याला त्याचे खरे नाव द्या. त्यातील तुमचा हक्क सोडता येईल काय, हे देवाला विचारा.
- कोणाचा तरी हक्क डावलला जात आहे आणि तुम्ही गप्प आहात, असे एक ठिकाण लिहून ठेवा. तिथे बोलण्याचा दिवस ठरवा.

गृहगटात चर्चेसाठी प्रश्न

१. पलिष्ट्यांनी विहिरी वापरण्याऐवजी का बुजवल्या? आपल्या मंडळीत असे कधी घडते काय?
२. तुमच्या आईवडिलांची कोणती आध्यात्मिक सवय तुम्हाला पुन्हा उकरायची आहे?
३. इसहाक, अब्राहाम आणि मोशे हे तिघे विहिरीवर तीन प्रकारे वागले. सध्याच्या तुमच्या प्रसंगात कोणाचा कित्ता गिरवायला हवा? कशावरून?
४. पंचविसाव्या वचनातील क्रम तुमच्या घरात कसा आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, पाणी तुझे आहे आणि तहानही तुला ठाऊक आहे. मी आधी भरून घेतले आणि मागच्यांचा विचार केला नाही, याची मला क्षमा कर. माझा हक्क सोडताना मला तुझ्यावर विश्वास ठेवायला शिकव, आणि दुसऱ्याचा हक्क बुडतो तेव्हा मला उठून उभे राहण्याचे धैर्य दे. आमच्या घरात वेदी पहिली असू दे. या शहरात आम्हाला शांती करणारे कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.